कोरड्या घळींतल्या खुणा

हायवे सोडून जीप कच्च्या रस्त्याला लागली आणि दादाने लगेच गाडी बाजूला घेतली. "उतर, हवा सोडायचीय. पस्तिसावरून विसावर आण."

अमेरिकेतल्या युटा राज्यातला २४ नंबरचा हायवे मागे राहिला होता. पुढे ७४ किलोमीटर धूळ, वाळू आणि कातळ, मग हॅन्स फ्लॅटचं रेंजर स्टेशन. तिथून कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या 'मेझ' भागातल्या घळींपर्यंत पोहोचायला आणखी तीन ते सहा तास. वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही, दुकान नाही. अशा रस्त्याला लागताना टायर टम्म फुगलेले हवेत, असंच मी धरून चाललो होतो.

हिशेब मात्र उलटा आहे. सामानासकट आमची जीप साधारण २,२०० किलोची, म्हणजे एका चाकावर ५५० किलो. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोच्या आसपास दाब. रबराचा ताठरपणा हिशेबातून वगळला, तर एवढं वजन पेलायला टायरला जमिनीवर सुमारे २२० चौरस सेंटिमीटर जागा पुरते. हवा २० वर आणली की तेच वजन जवळजवळ ३९० चौरस सेंटिमीटरवर पसरतं. टायर रुंदीला थोडा आणि लांबीला जास्त पसरतो, वाळूवर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा टेकतो. ती उकरून रुतण्याऐवजी वरून सरकत जातो. उंटाचा पसरट तळवा हेच काम करतो.

आम्ही तिघं होतो: दादा म्हणजे माझा मावसभाऊ, वहिनी आणि मी. एप्रिलचे दिवस. मागच्या बाजूला ६० लिटर पाणी बांधलेलं. माणशी रोज ४ लिटर हा इथला नेहमीचा हिशेब, त्याच्यावर थोडं राखीव. कोरड्या हवेत घाम आलेला कळतच नाही, कारण तो कपड्याला लागायच्या आत उडून जातो. एक लिटर घाम उडाला की अंगातली सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. शरीराची ही सोय उत्तम आहे, पण ती चालू ठेवायला पाणी पोटात जावं लागतं.

पहिल्या दिवशी आम्ही मुख्य वाट सोडून हॉर्सशू कॅन्यनला गेलो. हा तुकडा उद्यानाच्या मुख्य भागापासून वेगळा आहे, १९७१ साली त्यात घेतलेला. वरून घळीच्या तळापर्यंत २४० मीटरची उतरण, जाऊन-येऊन ११ किलोमीटरची चाल. दोन्ही बाजूंना नव्हाहो वालुकाश्माच्या भिंती. जवळ जाऊन हात लावला तर दगडात बारीक तिरप्या रेघा दिसतात, एकावर एक, मध्येच दिशा बदलणाऱ्या. १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचा समुद्र होता. वारा टेकडीच्या एका बाजूने वाळू वर चढवायचा, माथ्यावरून ती पलीकडे घसरायची. त्या घसरणीचा एकेक थर म्हणजे यातली एकेक रेघ. ज्युरासिक काळातल्या वाऱ्याची दिशा दगडावर हात ठेवून सांगता येते.

ही वाळू आली कुठून, हे कोडं सोडवलं झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांनी. झिरकॉनमध्ये थोडं युरेनियम असतं आणि त्याचं ठरावीक गतीने शिसं होत जातं, त्यामुळे प्रत्येक कणाचं जन्मवय काढता येतं. विल्यम डिकिन्सन आणि जॉर्ज गेरेल्स या भूवैज्ञानिकांनी अशी वयं मोजली. तेव्हा मोठा हिस्सा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन पर्वताशी जुळला. म्हणजे मोठाल्या नद्यांनी सगळं खंड ओलांडून ही वाळू पश्चिमेला आणली आणि मग वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या. बोटाला चिकटलेले चार कण पाहून मला हे खरंच वाटेना.

साडेपाच किलोमीटर चालल्यावर घळीच्या भिंतीवर ती चित्रं येतात. ग्रेट गॅलरी. माणसाएवढ्या आणि काही त्याहून उंच आकृत्या, गेरूच्या तांबड्या रंगात, बहुतेकांना हात नाहीत, पाय नाहीत, खांद्यांपासून खाली निमुळत्या होत गेलेल्या. त्यांच्यासमोर आम्ही कितीतरी वेळ नुसते बसून होतो. कोणी बोललं नाही.

ही चित्रं कधीची, याबद्दल बराच काळ मतभेद होते आणि अनेक अंदाज कित्येक हजार वर्षं मागे जायचे. गेरूत सेंद्रिय काही नसेल तर कार्बनवरून वय काढायची पद्धत चालत नाही. २०१४ साली युटा स्टेट युनिव्हर्सिटीचे जोएल पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांना सोडून आजूबाजूच्या वाळूला आणि दगडाला प्रश्न विचारला. ती पद्धत मला फार आवडते. क्वार्ट्झचा कण अंधारात पुरला गेला की भोवतालच्या मातीतल्या सूक्ष्म किरणोत्सर्गामुळे त्याच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकत जातात, वर्षाला ठरावीक इतके. ऊन लागलं की ते सगळे सुटतात आणि मीटर शून्यावर येतो, नवं गिऱ्हाईक बसल्यावर रिक्षावाल्याने मीटर टाकावा तसा. म्हणून नमुना अंधारातच काढायचा, प्रयोगशाळेत त्याच्यावर प्रकाश सोडायचा आणि कण किती चमकतो ते मोजायचं. शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते कण स्वतः सांगतो.

ग्रेट गॅलरीत भिंतीचा एक पापुद्रा चित्राचा भाग घेऊन खाली कोसळलेला आहे. त्या दगडाखाली दबलेल्या वाळूने आणि दगडाच्या झाकल्या गेलेल्या बाजूने वय दिलं सुमारे ९०० वर्षं, म्हणजे चित्र त्याआधीचं. दुसरीकडून, चित्रांची ती कपार आधी गाळात गाडलेली होती, तो गाळ कधी साचला आणि ती कधी उघडी पडली ते काढलं, आणि कोसळण्याआधी तो दगड किती काळ उघडा होता तेही. हे सगळं जुळवलं तर चित्रं साधारण इसवी सन १ ते ११०० या काळातली ठरतात. समजुतीपेक्षा बरीच तरुण. तरीही एवढी वर्षं उघड्या भिंतीवर गेरू टिकतो, कारण इथे पाऊस नाममात्र आणि भिंतीवर शेवाळ धरत नाही. आपल्याकडे एका पावसाळ्यात चुन्याची भिंत हिरवी-काळी होते.

दुसऱ्या दिवशी फ्लिंट ट्रेल उतरलो. कड्याच्या अंगावरून नागमोडी खाली जाणारी ही वाट, काही वळणांवर जीप एका दमात फिरत नाही, मागे-पुढे करावी लागते. इथे 'फोर-लो' लागतो. त्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे तेवढेच राहतात, चाकं मात्र फार सावकाश फिरतात आणि उतारावर इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. नुसता ब्रेक दाबत उतरलं तर तो तापून सैल पडतो. दादाने पूर्ण उतारभर ब्रेकला जेमतेम पाय लावला.

अशा वाटा कोणी पाडल्या? या मुलखातल्या कित्येक जीपवाटा १९५० च्या दशकातल्या आहेत. अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं आणि ते इथल्या चिनले नावाच्या खडकाच्या थरांत सापडत होतं. उद्यानाच्या दुसऱ्या भागातला प्रसिद्ध व्हाइट रिम रस्ता त्या काळी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानेच बांधला. युरेनियमची धावपळ थांबली, १९६४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तरी त्या लोकांच्या चाकोऱ्या जागच्या जागी आहेत.

मला जे सांगायचं आहे ते हेच. कोरड्या मुलखात खूण पुसली जात नाही. चित्र टिकतं, आणि चूकही टिकते.

तिसऱ्या दिवशी तळाजवळून पायी निघालो तेव्हा वहिनींनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "भावजी, त्या काळ्यावर पाय नका देऊ." वाटेच्या कडेला माती खडबडीत, काळपट, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी होती. मी गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिलं तर तिच्यात बारीक धागे लोंबत होते आणि त्यांना वाळूचे कण चिकटले होते, मोत्यांच्या सरीसारखे.

हा जिवंत थर आहे. त्यातला मुख्य कारागीर म्हणजे मायक्रोकोलियस नावाचा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू. पाऊस पडला की त्याचे धागे जागे होऊन मातीतून सरकतात आणि मागे चिकट आवरणं सोडत जातात. पाणी सुकल्यावर तो निपचित पडतो, पण आवरणं वाळूला घट्ट शिवून ठेवतात. त्याचे शेजारी जिवाणू आणि दगडफुलं हवेतला नायट्रोजन मातीत बांधतात, आणि या नापीक वाळूत झुडपांना मिळणारं बरंचसं खत तेच. एका पावलाने ही शिवण उसवते. वरवरचा पातळ थर पाच-सात वर्षांत परत येऊ शकतो. दगडफुलं आणि शेवाळं यायला मात्र कित्येक दशकं लागतात. चाक फिरलं तर उसवलेली ओळ मैलभर लांब होते, आणि वारा तिथून धूळ उचलायला लागतो.

त्यानंतर आम्ही कातळावरून, नाहीतर कोरड्या ओढ्याच्या पात्रातूनच चाललो. ओढ्यात पाय दिला तर काही बिघडत नाही, पुढचा लोंढा सगळं धुऊन नेतो. पण म्हणूनच तिथे तंबू ठोकायचा नसतो. उघडा कातळ पाणी पीत नाही. वर दहा-वीस किलोमीटरवर ढग फुटला की सगळं पाणी एकाच अरुंद घळीत येतं आणि इथे डोक्यावर निळं आकाश असतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी शेजारच्या अ‍ॅरिझोनात अँटलोप कॅन्यनमध्ये असंच दूरवरच्या पावसाचं पाणी आलं आणि ११ पर्यटक बुडाले. आम्ही रोज तंबू लावण्याआधी भिंतीवर अडकलेल्या ओंडक्यांची उंची बघायचो. मागचं पाणी कुठवर चढलं होतं, ते हे ओंडके सांगतात.

कातळावर मध्येच वाटीएवढी ते परातीएवढी उथळ कुंडं होती. निघोजचे रांजणखळगे नदीने गोटे फिरवून कोरलेत, ही मात्र वालुकाश्म साचल्या पाण्याने हळूहळू झिजून झालेली. एकात गेल्या आठवड्यातलं पाणी होतं आणि त्यात नखाएवढे पारदर्शक जीव उताणे पोहत होते: फेअरी श्रिंप. पाणी आटायच्या आत काही आठवड्यांत जन्म, वाढ, अंडी आणि मरण. अंडी वर्षानुवर्षं धुळीत कोरडी पडून राहतात. याच्या गोतावळ्यातली एक जात सह्याद्रीच्या कातळांवरच्या पाण्यात राहते, तिचं शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस आहे. तिथे पावसाळी चार महिने, इथे एखादी सर. कसब तेच. दादाने तोंड धुवायला ओंजळ पुढे केली आणि मग मागे घेतली. हाताला सनस्क्रीन होतं, आणि तेवढंही त्या वाटीभर पाण्याला सोसत नाही.

शेवटच्या सकाळी मेझच्या कड्यावर उभे होतो. खाली तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या घळींचा गुंता, आणि पूर्वेला लांबवर ला साल डोंगरांवर बर्फ. त्या बर्फावर फिकट तपकिरी छटा होती. वाळवंटातली धूळ वसंतातल्या वादळांबरोबर डोंगरांवर जाऊन बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, मळका बर्फ ते शोषतो आणि लवकर वितळतो. एकोणिसाव्या शतकात गुरं आणि वस्ती आल्यापासून ही धूळ कित्येक पटींनी वाढली. २०१० साली थॉमस पेंटर आणि सहकारी संशोधकांनी काढलेल्या हिशेबानुसार या धुळीमुळे कोलोरॅडो नदीचा वितळपाण्याचा पूर सरासरी ३ आठवडे आधी येतो आणि वर्षाचं पाणी सुमारे ५ टक्क्यांनी घटतं, कारण उघडी पडलेली जमीन आणि झाडं जास्त दिवस पाणी उडवत राहतात. या नदीवर आज सुमारे ४ कोटी माणसं अवलंबून आहेत.

दुपारी हायवेला लागण्याआधी दादाने कॉम्प्रेसर काढला. मी एकेका टायरला नळी लावून हवा पुन्हा पस्तिसावर आणली. आमच्या मागे वाटेवर आमच्याच चाकांचे दोन पट्टे होते, जुन्या चाकोरीच्या आत, कुठेही बाहेर न गेलेले. वहिनी ते बघत बघत बऱ्याच मागेपर्यंत चालत गेल्या आणि परत येऊन गाडीत बसल्या.