वैद्यकीय शिक्षणाच्या जागा वाढल्या, विच्छेदनाची टेबलं वाढली. शिकायला मृतदेह कुठून आणायचे?

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि राज्यातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी महाविद्यालयं त्याला जोडली गेली. इथल्या साऱ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच मृतदेहावर शरीररचना शिकावी लागते. आयुर्वेदात तिला रचना शारीर म्हणतात. जागा सरकारी आदेशाने वाढतात. देह तसे वाढत नाहीत. टेबलाभोवती दहा-बारा विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या हाती चिमटा येतो. पंचवीस झाले की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात.

देह आला की घाई असते ती एम्बामिंगची, म्हणजे तो कुजू नये म्हणून त्यात द्रावण भरण्याची. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि आतड्यातले जिवाणू काही तासांतच काम सुरू करतात. उशीर होणार असेल तर देह ४ अंशांच्या शीतपेटीत हवा. मांडीतली फीमोरल किंवा मानेतली कॅरोटिड धमनी उघडून साधारण १० लिटर द्रावण हळूहळू आत सोडतात. त्यात फॉर्मॅलिन प्रथिनं घट्ट करतं, स्पिरिट त्याला आत मुरवतं, ग्लिसरीन ऊती कोरड्या पडू देत नाही, फिनॉल बुरशी रोखतं. घाईने दाब वाढवला तर ऊती फुगतात. फॉर्मॅलिन जास्त झालं तर सांधे लाकडासारखे होतात आणि काखेतल्या नसा दाखवायला हातच बाजूला होत नाही. रक्ताची गुठळी वाटेत अडली तर बोटं, कान कच्चे राहतात; तिथे सिरिंजने वेगळं द्रावण टोचावं लागतं, नाहीतर बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते.

मेंदूची गोष्ट वेगळी. धमनीतून गेलेलं द्रावण त्याला बहुधा पुरत नाही. तो काढून, तळाच्या बेसिलर धमनीखालून दोरा घालून, फॉर्मॅलिनच्या बादलीत काही आठवडे उलटा टांगतात. तळाशी टेकला तर चपटा होतो आणि मग त्याच्या वळ्या ओळखणं अवघड.

सुश्रुतसंहितेत यातलं काहीच नाही. मुंज, साली, कुश, ताग यांत गुंडाळलेलं शव पिंजऱ्यात घालून संथ प्रवाहात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या, केसांच्या, बांबूच्या कुंच्यांनी त्वचेपासून थर घासत आत जायचं. कुजण्याकडूनच सुरीचं काम करून घेण्याची ही युक्ती आजही थक्क करते.

प्लॅस्टिनेशनमध्ये ऊतींतलं पाणी ॲसिटोनने काढून त्याजागी सिलिकॉन भरतात. नमुना वर्षानुवर्षं टिकतो, वासही नाही. डिजिटल टेबलांच्या पडद्यावर देहाची चित्रं छान फिरतात. पण चरबीतून बारीक नस सोडवून काढण्याचा हात त्यांवर बसत नाही, त्यामुळे आमच्या मते ही साधनं उजळणीपुरती.

बेवारस मृतदेह १९४९च्या शरीररचना कायद्यानुसार महाविद्यालयांना मिळू शकतात. त्यांतल्या अनेकांचं शवविच्छेदन झालेलं असतं. धमन्या कापलेल्या, कवटी उघडलेली, त्यामुळे द्रावण भरलं तरी बाहेर गळतं. म्हणून भिस्त देहदानावर. अर्ज भरला तरी मृत्यूनंतर निर्णय नातेवाइकांचाच असतो, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवावं. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. अपघाती मृत्यू, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी असेल तर देह सहसा नाकारतात. नेत्रदान मात्र आधी करता येतं: साधारण सहा तासांच्या आत, आणि डोळे काढले म्हणून देहदान अडत नाही.