मोटारशर्यतीतील सुरक्षासाधनांची तपासणी व पुनर्प्रमाणन

हौशी मोटारशर्यतीत वापरली जाणारी हेल्मेट, हार्नेस (चालकाला सीटशी बांधणारे पट्टे), अग्निरोधक सूट, मानेचा आधार, सीट, अग्निशामक ही साधने ठरावीक मुदतीनंतर पुन्हा तपासण्याची, शक्य असेल तिथे उत्पादकाकडून नव्याने प्रमाणित करून घेण्याची आणि नसेल तिथे बाद करण्याची पद्धत. यात दोन निराळी कामे येतात. एक, लेबलवरची मुदत पाहणे. दुसरे, साधन हातात घेऊन त्याची आजची अवस्था पाहणे. मुदत शिल्लक असलेला पण कड उसवलेला पट्टा बाद, आणि नवाकोरा दिसणारा पण मुदत उलटलेला पट्टाही बाद.

नाशिकला या खेळाची सवय जुनी आहे. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ येथे झालेली आहे आणि सुपरक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतीच्या) राष्ट्रीय फेऱ्याही शहराने पाहिल्या आहेत. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मोटारी व सुटे भाग बनत असल्याने वेल्डिंग, टर्निंग, फिटिंगचे उत्तम कारागीर हाकेच्या अंतरावर मिळतात. गाडी उभी करायला हे कसब मोलाचे आहे, पण त्यामुळेच सुरक्षासाधनेही ‘इथेच करून घेऊ’ असा मोह होतो. हार्नेसचा उसवलेला टाका सीटकव्हरवाल्याकडून मारून घेतला, तर त्या क्षणी त्याचे प्रमाणपत्र संपते. पुनर्प्रमाणनाचा अधिकार उत्पादकाचा किंवा त्याने नेमलेल्या केंद्राचा असतो. गॅरेजचा नाही, मग कारागीर कितीही हुशार असो.

हार्नेस. सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे साधन हेच. अमेरिकेतील एसएफआय या शर्यतीच्या साधनांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या १६.१ मानकाचा पट्टा उत्पादनाच्या तारखेपासून 2 वर्षे चालतो. नंतर तो उत्पादकाकडे पाठवून नवी पट्टी व नवे लेबल लावून घेता येते. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या मानकाच्या पट्ट्यावर मुदतीचे वर्षच छापलेले असते आणि त्या वर्षाच्या 31 डिसेंबरनंतर तो वापरता येत नाही. एफआयएच्या नियमांप्रमाणे मोठ्या अपघातानंतर पट्टा बदलायचाच. पट्टी कापली वा झिजली असेल, ऊन किंवा रसायनाने कमकुवत झाली असेल, बकल वाकले वा गंजले असेल, तरीही बदलायचा. नाशिकच्या चालकासाठी यातला उन्हाचा मुद्दा महत्त्वाचा. काचा खाली करून एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या ठेवलेल्या गाडीत खांद्याचे पट्टे दिवसभर तापतात. रंग विटला की आतला पॉलिएस्टरचा धागाही दुबळा होत चालला आहे असे समजावे. तपासताना पट्टी बोटांभोवती उलटी दुमडून दोन्ही कडा पाहाव्यात, कारण झीज आधी कडेला दिसते. मुरुमाच्या ट्रॅकवरची बारीक धूळ विणीत अडकते आणि आतून धाग्याला घासत राहते. ती नुसत्या फडक्याने निघत नाही. बकलमध्येही धूळ जाते. एका झटक्यात फिरून सगळे पट्टे सुटले पाहिजेत. दुसऱ्यांदा फिरवावे लागले तर ते बकल चालणार नाही. पट्टा गाडीला जोडणाऱ्या बोल्टसाठी मात्र स्थानिक कारागिरी चालते, फक्त तो किमान एम१२ (१२ मिमी व्यासाचा), ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचा किंवा ७/१६ इंची यूएनएफ आट्यांचा हवा.

हेल्मेट. हेल्मेटचे पुनर्प्रमाणन होत नाही. पीट स्नेल या चालकाच्या मृत्यूनंतर 1957 साली स्थापन झालेली स्नेल मेमोरियल फाउंडेशन ही संस्था दर 5 वर्षांनी हेल्मेट बदलण्याची शिफारस करते. गोंद, रेझिन, घाम, सौंदर्यप्रसाधने यांनी आतली द्रव्ये हळूहळू खराब होतात आणि या यादीत केसांना लावायचे तेलही आहे. डोक्याला खोबरेल चोपडून हेल्मेट घालणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. आत बालाक्लाव्हा (डोके व चेहरा झाकणारी कापडी टोपी) घालणे हा सोपा उपाय आहे. आतले थर्मोकोलसारखे अस्तर एकदा चेपले की पुन्हा फुगत नाही आणि ते बाहेरून दिसतही नाही. त्यामुळे जोरदार आपटलेले हेल्मेट वरून शाबूत असले तरी गेले. जुने हेल्मेट विकत घेताना त्याचा इतिहास कळत नाही, म्हणून ते घेऊच नये.

स्नेलच्या ‘एसए’ मालिकेत अग्निरोधकतेची चाचणी असते, ‘एम’ मालिकेत नसते. ‘एम’ दुचाकीसाठी आहे. नाशिक पोलिसांनी 15 ऑगस्ट 2021 पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम राबवल्यावर आयएसआय शिक्क्याची हेल्मेटे शहरात घरोघरी आली. ती रस्त्यासाठी चांगली आहेत, पण बंद मोटारीच्या शर्यतीत आगीचा धोका असतो आणि तिथे त्यांचा आधार धरता येत नाही.

सूट. नॉमेक्स या अग्निरोधक कापडाच्या सूटवर नाव भरतकामाने घालायची हौस सर्वत्र आहे. एफआयएच्या नियमानुसार ते अग्निरोधक दोऱ्याने आणि केवळ बाहेरच्या थरावर हवे. इस्त्रीने चिकटवलेले स्टिकर चालत नाहीत. साधा पॉलिएस्टर दोरा ज्वाळेत वितळून आतल्या थराला लागतो. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, आणि पेट्रोल सांडलेला सूट न धुता पुन्हा अंगावर चढवू नये.

इतर साधने. रॉबर्ट हबार्ड यांनी विकसित केलेल्या हॅन्स या मानेच्या आधारात दोऱ्यांची टोके आणि हेल्मेटवरचे हुक पाहावे लागतात. एसएफआय ३८.१ प्रमाणित आधार दर 5 वर्षांनी उत्पादकाकडे तपासायला जातो. एफआयए ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदतही 5 वर्षे असून उत्पादक ती आणखी 2 वर्षे वाढवून वेगळे लेबल लावू शकतो. अग्निशामक 2 वर्षांच्या आत तपासून घ्यावा लागतो; गाडीच्या हादऱ्यांनी त्यातली पावडर तळाशी घट्ट बसते, त्यामुळे दाबाचा काटा हिरव्यात आहे एवढ्यावर विसंबू नये.

स्क्रूटिनी. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेत शर्यतीआधी गाडी व साधने तपासली जातात. स्क्रूटिनीअर लेबले वाचतो, पट्टे ओढतो, हेल्मेटचे अस्तर उचलून पाहतो. त्याच्याजवळ प्रत्येक गाडीसाठी थोडाच वेळ असतो. म्हणून घरची तपासणी चार-सहा आठवडे आधी करावी, म्हणजे बाद निघालेली वस्तू मागवायला वेळ उरतो. बाद झालेल्या हार्नेसची पट्टी आणि हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा कात्रीने कापूनच ती वस्तू भंगारात द्यावी. नाही तर ती जुन्या मालात विकली जाऊन एखाद्या नवख्याच्या डोक्यावर किंवा खांद्यावर परत ट्रॅकवर येते.