‘डॉक्टर हू’: कादंबऱ्या, ऑडिओ आणि कॅननचा न मिटणारा वाद

पुण्यात २००५ नंतरचे भाग बघून ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेच्या नादी लागलेला प्रेक्षक जुन्या कादंबऱ्यांकडे वळला की हमखास एका ठिकाणी अडतो. मालिकेचा नायक डॉक्टर मरताना नवं रूप घेतो आणि त्याची रूपं क्रमांकाने ओळखली जातात. २००७ च्या ‘ह्यूमन नेचर’ या भागात दहावा डॉक्टर स्वतःची ओळख पुसून जॉन स्मिथ नावाचा शाळामास्तर होतो आणि जोन रेडफर्नच्या प्रेमात पडतो. साल १९१३, महायुद्ध तोंडावर. पॉल कॉर्नेलने त्याच नावाची कादंबरी १९९५ मध्ये लिहिली होती. तिथे साल १९१४ आणि जॉन स्मिथ होतो तो सातवा डॉक्टर. मास्तरकी तीच, जोन तीच, डॉक्टरचं मूळ रूप साठवलेली वस्तू हाती लागणारा टिम नावाचा मुलगाही आहेच. कारण मात्र वेगळं: पडद्यावर डॉक्टर शत्रूपासून लपतो, कादंबरीत तो माणूस होऊन बघायचं म्हणून होतो. एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोनदा घडलं म्हणायचं, तर जोनचं काय करायचं? कुठल्या कथा अधिकृत धरायच्या, म्हणजे ‘कॅनन’ कोणतं, हाच तो वाद.

या गोंधळाचं मूळ १९८९ मध्ये आहे. त्या डिसेंबरात मालिका बंद पडली आणि २००५ पर्यंत, १९९६ चा एक टीव्हीपट वगळता, पडद्यावर पूर्ण लांबीची नवी गोष्ट आलीच नाही. कथा पुढे नेली ती पुस्तकांनी. व्हर्जिन प्रकाशनाने १९९१ ते १९९७ या काळात डॉक्टरच्या ६१ ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ काढल्या. पुढे परवाना काढून घेऊन बीबीसीने स्वतःची पुस्तकं सुरू केली आणि १९९९ पासून बिग फिनिश या कंपनीची ऑडिओ नाटकं आली, तेही मूळ नटांच्या आवाजात. त्या काळात जो वाचक झाला, त्याच्या लेखी मालिका म्हणजेच ही पुस्तकं. त्याला ‘ते सगळं पूरक’ म्हणून कसं चालेल?

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढताना हस्तलिखितं ताडून पाहिली आणि गणपती लेखनिक झाल्याची कथा मुख्य संहितेतून परिशिष्टात टाकली. निर्णय पटो न पटो, तिथे निकष होता आणि संपादकही होते. ‘स्टार वॉर्स’मध्येही लुकासफिल्मने २५ एप्रिल २०१४ रोजी जुन्या कादंबऱ्या ‘लेजेंड्स’ म्हणून बाजूला काढल्या. बीबीसीने असा निवाडा कधी दिलाच नाही. कॉर्नेलनेच २००७ मध्ये लिहिलं की इथे कॅनन नाही, कारण ते ठरवण्याचा अधिकार कुणाला दिलेलाच नाही.

आमच्या मते यापेक्षा निर्णायक गोष्ट आहे करार, आणि वाद घालणारे नेमकं तेच विसरतात. बीबीसीच्या जुन्या पद्धतीत बाहेरच्या लेखकाने निर्माण केलेल्या पात्रावर त्याचा हक्क राहायचा. डालेक या डॉक्टरच्या शत्रूंचे हक्क त्यांचा जनक टेरी नेशन याच्याकडे होते, म्हणून व्हर्जिनच्या कादंबऱ्यांत त्यांच्याशी एकही सरळ लढत नाही. के-नाइन या यंत्र-कुत्र्याचं पात्र बॉब बेकर आणि डेव्ह मार्टिन यांचं, पण त्याची मूळ बांधणी बीबीसीची. त्यामुळे २००९-१० च्या ऑस्ट्रेलियन मालिकेत तो कुत्रा वेगळ्याच आकारात फिरतो आणि डॉक्टरचं नाव कुणी काढत नाही. कादंबऱ्यांतली डॉक्टरची सोबतीण बर्निस समरफील्ड ही कॉर्नेलची, १९९२ ची. म्हणून परवाना गेल्यावरही व्हर्जिन तिच्या एकटीच्या कादंबऱ्या छापत राहिलं. कुठलं पात्र एखाद्या कथेतून अचानक गायब का, असा प्रश्न पडला की आधी हक्क कुणाचे ते बघावं. कथेतली कारणं बहुधा मागाहून जोडलेली असतात.

मागाहून जोडलेलं टिकतंच असंही नाही. १९८८ मध्ये पडद्यावर स्कारो हा डालेकांचा ग्रह नष्ट झाला. १९९७ च्या ‘वॉर ऑफ द डालेक्स’ कादंबरीने सांगितलं, तो स्कारो नव्हताच, दुसराच ग्रह होता. चाहत्यांना ही पळवाट अजिबात रुचली नाही. पुढे मालिकेने स्कारो पुन्हा दाखवला, पण या कादंबरीचा खुलासा काही उचलला नाही.

ऑडिओवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे नोव्हेंबर २०१३ चा सात मिनिटांचा पडद्यावरचा ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ हा भाग. त्यात मरणाच्या दारातला आठवा डॉक्टर चार्ली, क्रिझ, लुसी, टॅम्सिन, मॉली अशी नावं घेतो. पाचही बिग फिनिशच्या ऑडिओंतले डॉक्टरचे सोबती. यावरून ही माणसं डॉक्टरच्या आयुष्यात होती इतकं सिद्ध होतं. त्यांच्या प्रत्येक कथेतला तपशील पडद्यावर मान्य झाला, असं नाही. आठव्या डॉक्टरच्याच बीबीसी कादंबऱ्यांतल्या सोबत्यांपैकी तर तिथे एकाचंही नाव नाही, आणि २००० सालच्या त्यांतल्या एकीत गॅलिफ्रे हा डॉक्टरचा ग्रह नष्ट होतो तो पडद्यावर सांगितलेल्या ‘टाइम वॉर’ या युद्धात नव्हेच.