स्वयंसूचना

स्वयंसूचना म्हणजे ठरवलेलं एखादं वाक्य रोज, ठरलेल्या वेळी, स्वतःलाच ऐकवत राहणं. हल्ली बहुतेक जण याला अफर्मेशन म्हणतात आणि डायरीत एका पानावर वर्षाचे गोल्स, समोरच्या पानावर अफर्मेशन्स असं जोडीनंच लिहितात. पुण्यातल्या अभ्यासिकांमधे स्पर्धा परीक्षेची मुलं टेबलासमोर स्वतःचं नाव आणि खाली पाहिजे ते पद लिहून चिठ्ठी चिकटवतात, तोही यातलाच प्रकार. ही जोडी इतकी अंगवळणी पडलीय की दोन्ही एकाच घरातलं वाटतं, पण ध्येय ठरवणं आणि स्वयंसूचना यांची मुळं वेगळी आहेत, एका मुद्द्यावर तर एकमेकांच्या पार विरुद्ध.

स्वयंसूचनेच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक मत सगळं श्रेय १९व्या शतकातल्या अमेरिकेतल्या 'न्यू थॉट' चळवळीला देतं. मेन राज्यातला फिनिअस क्विम्बी (१८०२–१८६६) हा मूळचा घड्याळं बनवणारा, आजार हा चुकीच्या समजुतीतून येतो असं तो सांगायचा, आणि पुढे १८८०च्या दशकापासून शिकागोत एमा कर्टिस हॉपकिन्स यांच्या शिकवणीत नकार आणि होकार, म्हणजे वाईट गोष्ट नाकारायची आणि चांगली ठामपणे म्हणायची, हे रीतसर धडे झाले. दुसरं मत फ्रान्सकडे बोट दाखवतं, एमिल कुए (१८५७–१९२६) या औषधविक्रेत्याकडे. शब्द आणि त्यामागची श्रद्धा न्यू थॉटची, पण रोज किती वेळा, कधी, कसं म्हणायचं ही रीत कुएची असं मानणं जास्त पटतं, कारण आज लोक जे करतात ते त्याच्या पद्धतीशी जवळजवळ तंतोतंत जुळतं.

कुएचं दुकान त्र्वा या गावात होतं. १८८५च्या सुमारास फ्रान्समधल्याच नान्सी शहरातल्या लिएबो या डॉक्टरचे संमोहनाचे प्रयोग त्यानं पाहिले. औषध देताना दोन चांगले शब्द बोलले तर त्याच बाटलीचा गुण जास्त येतो हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि १९१०च्या आसपास नान्सीत स्थायिक होऊन त्यानं लोकांना फुकट शिकवायला सुरुवात केली. वाक्य एकच, रोज सगळ्याच बाबतीत मी अधिकाधिक बरा होत चाललोय. सकाळी डोळे उघडल्यावर आणि रात्री झोपताना, वीस वेळा, वीस गाठी मारलेल्या दोरीवर मोजत. ओठ हलले पाहिजेत आणि स्वतःला ऐकू येईल इतकं पुटपुटलं पाहिजे, पण जोर लावायचा नाही, लक्ष एकाग्र करायचा आटापिटा करायचा नाही. जपमाळ ओढलेल्या माणसाला हे लगेच कळेल, आपल्याकडे जपाचे वाचिक (मोठ्यानं), उपांशु (पुटपुटत) आणि मानस (मनात) असे तीन प्रकार सांगतात त्यातला हा उपांशु झाला. मनुस्मृती मानस जपाला सगळ्यात वरचं स्थान देते, कुए मात्र ओठांवरच अडून बसला.

आता तो विरुद्ध मुद्दा. कुएच्या मते इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झटापट झाली की कल्पनाच जिंकते. त्याचं उदाहरण लाकडी फळीचं, जमिनीवर ठेवली तर कुणीही सरळ चालत जाईल, तीच चर्चच्या मनोऱ्याइतक्या उंचीवर ठेवली तर पडू नये म्हणून जितकी धडपड तितका तोल जास्त जाणार. म्हणून त्याच्या वाक्यात ध्येय नाहीच, पगार नाही, पद नाही, तारीख नाही, 'सगळ्याच बाबतीत' एवढंच, आणि हे त्यानं मुद्दाम केलेलं.

ध्येयाचं शास्त्र नेमकं उलट बोलतं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून, १९६८च्या लॉक यांच्या लेखापासून, हे वारंवार दिसलं की नेमकं आणि अवघड उद्दिष्ट 'जमेल तेवढं करा'पेक्षा जास्त काम करवून घेतं. १९७५चा लेथम यांचा अभ्यास तर मुद्दाम सांगावा असा, लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक कायदेशीर मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आसपासच भरले जायचे, ड्रायव्हरना ९४ टक्के हे उद्दिष्ट दिलं, बक्षीस काही नाही, तरी भरणा ९० टक्क्यांच्या घरात गेला. याउलट येल विद्यापीठातल्या १९५३च्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली तेच पुढे श्रीमंत झाले ही व्याख्यानांमधून फिरणारी गोष्ट खरी नाही, असा अभ्यास झालेलाच नाही. ती सांगणं थांबायला हवं, कारण खरा पुरावा हाताशी असताना खोट्याची गरज नाही.

स्वयंसूचनेचा पुरावा मात्र संमिश्र आहे. कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९मधे छापलेल्या प्रयोगात चार मिनिटं, दर १५ सेकंदांनी घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं मनात म्हणायचं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना थोडं बरं वाटलं, ज्यांचं वाईट होतं त्यांना आणखी वाईट. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसंच दिसलं असं नाही, पण खचलेल्या माणसाच्या हातात मोठंमोठं वाक्य देण्याआधी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडचा संकल्प या दोन्हीपासून वेगळा आहे आणि त्याची नोंद इथे व्हायलाच हवी. पूजेच्या सुरुवातीला उजव्या हातात पळीनं पाणी घेऊन गुरुजी आधी काळ आणि जागा म्हणवून घेतात, शालिवाहन शक, संवत्सर, मास, तिथी, वार, दंडकारण्य देश, पुणे-कोल्हापूरकडे 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' आणि गोदावरीच्या पलीकडे 'उत्तरे तीरे', मग गोत्र, नाव, हेतू, आणि 'करिष्ये' म्हणून पाणी ताम्हनात सोडायचं. क्रियापद भविष्यकाळी, आणि ते करण्याचं, होण्याचं नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १९९७च्या अभ्यासाशी हे फार जवळचं वाटतं. त्यात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळबद्दल ४८ तासांत लिहून पाठवायचं होतं, कुठे आणि कधी बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांच्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जणांनी पाठवलं, बाकीच्यांत एक तृतीयांशांनीच.

योगनिद्रेतला, म्हणजे निपचित पडून करायच्या विश्रांतीच्या सरावातला, संकल्प पुन्हा निराळा. स्वामी सत्यानंद यांच्या बिहारमधल्या मुंगेरच्या योगपरंपरेत एक छोटं वाक्य, सुरुवातीला तीनदा आणि शेवटी तीनदा, मनातल्या मनात म्हणतात आणि फळ दिसेपर्यंत ते बदलत नाहीत.