ग्वामचे पक्षी आणि एक मांजऱ्या साप: पार्श्वभूमी

तपकिरी वृक्षसर्प हा आपल्याकडच्या मांजऱ्या सापांचाच भाऊबंद. निमविषारी, डोळ्यांत उभी बाहुली असलेला आणि निशाचर असा हा साप मूळचा न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर व पूर्व किनारपट्टीचा. दिवसा तो झाडाच्या ढोलीत किंवा केवड्याच्या पानांच्या बेचक्यात वेटोळे घालून पडून राहतो आणि अंधार पडला की बारीक फांद्यांच्या शेंड्यापर्यंत जाऊन घरटी धुंडाळतो.

पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर तो दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच लष्करी मालातून, बहुधा न्यू गिनीजवळच्या मानस बेटावरून, येऊन पोहोचला. गांडुळाएवढा वाळा सोडला तर तिथे जमिनीवरचा दुसरा साप नव्हता, त्यामुळे तिथल्या पक्ष्यांना सापापासून जपण्याची सवयच नव्हती.

१९६०च्या दशकापर्यंत बेटाच्या दक्षिण भागातली रानपाखरे दिसेनाशी झाली आणि ही ओहोटी हळूहळू उत्तरेकडे सरकली. तरीही दोष आधी कीटकनाशकांवर, मग रोगराईवर ठेवला गेला. हवाई बेटांवर पक्ष्यांच्या हिवतापाने केलेला संहार माहीत असल्यामुळे हा संशय अगदीच निराधार नव्हता. पण एका सापाने अख्ख्या बेटाचे पक्षी संपवावेत, याला पूर्वीचा दाखला नाही, एवढ्यावरच ‘हे सापाचेच काम’ हे स्थानिकांचे सांगणे बाजूला ठेवले गेले, हे खटकते. पुरावा तर नकाशावरच होता: साप ज्या क्रमाने पसरला, त्याच क्रमाने पक्षी गेले, आणि किनाऱ्यालगतच्या सापमुक्त कोकोस बेटावर ते टिकून होते. १९८७ साली हे सारे शोधनिबंधातून मांडले गेले, तोवर बेटावरच्या १२ स्थानिक वनपक्ष्यांपैकी बहुतेक हातचे गेले होते. पक्षी संपले म्हणून साप मात्र उपाशी मेला नाही, कारण पाली आणि सापसुरळ्या मुबलक होत्या.

दरम्यान वीजवाहिन्यांवर चढलेल्या सापांमुळे वारंवार वीजही जाऊ लागली होती. पुढे सापांना मारण्यासाठी प्रत्येकी ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल भरलेली मेलेली उंदराची पिल्ले हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकण्यात आली. माणसाच्या तापावरची ही गोळी या सापाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच मोडते. गुळगुळीत जाड खांबाभोवती शरीराचा फास आवळून तो वर सरकतो, ही त्याची चाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बंदिवासात जगवलेली ग्वामची पाणकोंबडीच्या कुळातली कोको २०१० मध्ये कोकोसवर सोडली गेली आणि २०१९ मध्ये 'निसर्गातून नामशेष' या वर्गातून बाहेर आली. २०२० मध्ये त्याच कोकोसवर हा साप सापडला.