खुलासा: ब्रेक्झिट नेमकं कुणी अडवलं?
‘जनतेने कौल दिला, पण युरोपवादी खासदारांनी ब्रेक्झिट अडवलं,’ हे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल (ब्रेक्झिट) आजही ठासून सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करणारं विधेयक कॉमन्सने (ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) फेब्रुवारी २०१७ मध्ये ४९४ विरुद्ध १२२ मतांनी मंजूर केलं होतं.

१५ जानेवारी २०१९ ला आपटला तो तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार, ४३२ विरुद्ध २०२ मतांनी. विरोधात त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते, त्यांतले बरेच कट्टर ब्रेक्झिटवाले!

त्या रात्री संसदेबाहेरच्या चौकात निकाल ऐकून ब्रेक्झिटविरोधी आणि ब्रेक्झिटवाले अशा दोन्ही गटांनी जल्लोष केला. एकांना वाटलं, आता पुन्हा सार्वमत होईल; दुसऱ्यांना वाटलं, कराराविनाच सुटका होईल. त्या जल्लोषाला ‘जनतेचा आवाज’ म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.