'हिज गर्ल फ्रायडे' : चित्रपट मोकळा, गोष्ट कुलुपात

'हिज गर्ल फ्रायडे' या हॉलिवूड चित्रपटाचं मूळ नाटक ऑगस्ट १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं. शिकागोत बातमीदारी केलेल्या दोघांनी ते लिहिलं होतं. त्यात नोकरी सोडून लग्नाला निघालेला हिल्डी आणि त्याला कसंही करून रोखणारा संपादक वॉल्टर, हे दोघेही पुरुष. १९३१ च्या पहिल्या चित्रपटातही तसंच होतं.

१९४० च्या 'हिज गर्ल फ्रायडे'त हिल्डी बाई झाली. वाचनाच्या वेळी हिल्डीचे संवाद एका बाईकडून वाचून घेतले आणि ते जास्त रंगले, अशी हकीकत दिग्दर्शक पुढे सांगत असे. पण नुसतं बाई करण्यापेक्षा तिला वॉल्टरची घटस्फोटित बायको करणं हा खरा धाडसी निर्णय होता. १९३४ पासून हॉलिवूडची सेन्सॉर संहिता कडक झाली होती आणि परक्या स्त्रीपुरुषांची सलगी दाखवणं अवघड होतं. एकेकाळच्या नवराबायकोला मात्र जुन्या संसाराच्या आठवणी काढत हवं तसं भांडता येतं. शेवटी हिल्डी पुन्हा त्याच माणसाच्या कह्यात जाते, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोटाही नाही. तरीही तिने अर्धवट टाइप केलेली मुलाखत बाकीचे बातमीदार वाचतात आणि तिच्या हाताला दाद देतात, तो प्रसंग माझ्या मते जास्त वजनाचा आहे. इथे प्रेम जमतं ते लेखणीच्या वकुबावर.

संवादांचा वेग हा नुसत्या पाठांतराचा खेळ नव्हता. वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनमहत्त्वाचे शब्द घातले जात. दुसऱ्याने मध्येच तोंड घातलं तरी वाहून जायचे ते हे शब्द, कामाचा मधला भाग ऐकू येई. वेगवेगळ्या ट्रॅकवर आवाज घेऊन नंतर मिसळण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून सेटवर अनेक मायक्रोफोन लावून, जो बोलेल त्याचा चालू आणि बाकीचे बंद, असं ध्वनिमुद्रक हाताने करत असे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच.

आता 'पब्लिक डोमेन', म्हणजे कुणाचा हक्क न उरलेली, सर्वांना मोकळी कलाकृती, या शब्दाकडे. या चित्रपटाबद्दल तो वर्षानुवर्षं सैल वापरला गेला. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात कॉपीराइटचा हक्क २८ वर्षांचा असे आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करावं लागे. १९६८ मध्ये ते झालं नाही आणि चित्रपट मोकळा झाला. पण नाटकाच्या हक्काचं नूतनीकरण झालेलं होतं, आणि मुदतवाढी मिळत त्याची एकूण मुदत ९५ वर्षांवर गेली. म्हणजे चित्रपटावर कुणाची मालकी उरली नव्हती, त्यातल्या गोष्टीवर मात्र होती. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने 'पिग्मॅलियन'च्या जुन्या चित्रपटाबाबत (मराठीतली 'ती फुलराणी' त्याच नाटकावरून आली) हाच पेच सोडवला : चित्रपटाचा हक्क संपला तरी मूळ नाटकाचा शाबूत असेल, तर प्रती भाड्याने देणंही उल्लंघनच.

व्यवहारात व्हायचं ते झालंच. घासलेल्या प्रिंटवरून कुणीही टेप काढल्या, पुढे डीव्हीडी काढल्या. या चित्रपटाला त्याचा फटका इतरांपेक्षा जास्त बसला, कारण एकावर एक चढलेल्या संवादांतले जपून ठेवलेले मधले शब्दच खरखरीत बुडाले. 'फार भरभर बोलतात, काही कळत नाही' ही तक्रार बऱ्याचदा वाईट प्रतीमुळे असते. नीट प्रतीवरून केलेली आवृत्ती बघितली की फरक लगेच जाणवतो. तिची सबटायटल्स आणि मुखपृष्ठ मात्र मोकळी समजू नयेत, तो नवा मजकूर असतो.

नाटकाची ९५ वर्षं २०२३ अखेर संपली आणि १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत गोष्टही मोकळी झाली. भारतात नाटकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि दोन लेखक असतील तर शेवटी गेलेल्याचं वर्ष धरतात. या नाटकाच्या बाबतीत ते वर्ष १९६४. कितीही काटेकोर मोजलं, तरी १ जानेवारी २०२५ पासून मूळ नाटकाचं मराठी रूपांतर करायला परवानगी लागत नाही. याच नाटकावरून आलेल्या १९७४ आणि १९८८ च्या चित्रपटांची सामग्री मात्र त्यात मिसळू नये, त्यांचे हक्क वेगळे आहेत.